स्पोकन ट्युटोरियल: संगणकाच्या तासाला नको, आपापल्या विषयाच्या तासाला लावा

बीए-बीकॉमच्या मुलांना संगणक नीट वापरायला शिकवायचं असेल, तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलइतकी भरवशाची मोफत सोय मला दुसरी माहीत नाही. मात्र संगणकाचा एक वेगळा तास काढून, मुलांना लॅबमध्ये बसवून हे व्हिडिओ लावून दिले, तर त्यांचा निम्मा उपयोग वाया जातो. तेच व्हिडिओ भूगोल, अर्थशास्त्र किंवा मराठीच्या तासाला जोडले, की मुलं बघता बघता तयार होतात. मी सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका सीनियर कॉलेजात भूगोल शिकवते. हा परिचय माझ्यासारख्या शिक्षकांसाठी आहे, कारण मुलांचा वेळ कशावर घालवायचा हे शेवटी आपणच ठरवतो.

ज्यांनी हे नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. केमिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने आयआयटी मुंबईत हा प्रकल्प उभा राहिला आणि केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाने त्याला निधी दिला. साधारण दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ आहेत आणि प्रत्येकात एकच काम पायरीपायरीने दाखवलेलं असतं. विषय बहुतेक मुक्त सॉफ्टवेअरचे: लिबरऑफिस, लिनक्स, पायथन, आर, जिंप, लॅटेक्, क्यूजीआयएस. मूळ व्हिडिओ इंग्रजीत बनतो आणि मग भारतीय भाषांमध्ये फक्त आवाज बदलला जातो. म्हणजे कानावर मराठी पडते, पडद्यावरचे मेनू मात्र इंग्रजीतच राहतात. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. उद्या नोकरीच्या ठिकाणी मुलीसमोर इंग्रजी मेनूच येणार आहेत, पण ते कशासाठी आहेत हे तिला आधी मराठीत कळलेलं असेल.

व्हिडिओ बनवण्याची त्यांची एक रीत मला विशेष आवडते. आधी पूर्ण संहिता लिहितात. ते सॉफ्टवेअर कधीच न वापरलेल्या माणसाला ती देतात आणि त्याला नुसत्या वाचनावरून काम जमतं का ते पाहतात. ध्वनिमुद्रण त्यानंतर. म्हणूनच मध्येच एखादी पायरी गाळली गेली आहे असं सहसा होत नाही. यूट्यूबवर मराठी-हिंदीत शिकवणारे पुष्कळ आहेत, काही फार चांगलेही आहेत. पण त्यांचा हात सवयीने भराभर चालतो, आणि ‘हे बटण कुठनं आलं?’ या एका प्रश्नावर आमच्या मुलांचा सगळा तास अडकतो. स्पोकन ट्युटोरियलमध्ये आवाज संथ असतो, आधी सांगतात, मग करून दाखवतात, आणि ‘इथे व्हिडिओ थांबवून सराव करा’ असं मधूनमधून बजावतात. हुशार मुलांना हा संथपणा कंटाळवाणा होतो, पण त्यांना व्हिडिओचा वेग वाढवता येतो. बाकीच्या वर्गाला हाच वेग लागतो.

शिकायचं कसं, तर पडद्याच्या अर्ध्या भागात व्हिडिओ आणि उरलेल्या अर्ध्यात प्रत्यक्ष सॉफ्टवेअर. ऐकायचं, थांबवायचं, करून बघायचं, पुढे जायचं. ही शिस्त मोबाइलवर जमत नाही, हे आधीच ध्यानात घ्या. आमच्या बहुतेक मुलांकडे फोन आहे, लॅपटॉप नाही. फोनवर ती व्हिडिओ बघतात आणि ‘मॅडम, समजलं’ म्हणतात. संगणकासमोर बसवलं की समजलेलं आणि जमलेलं यातलं अंतर उघडं पडतं. त्यामुळे लॅबमधली वेळ राखून ठेवावीच लागते. बरी गोष्ट म्हणजे व्हिडिओ उतरवून घेता येतात. आम्ही ते सगळ्या यंत्रांवर आधीच टाकून ठेवतो, मग इंटरनेट गेलं तरी तास चालू राहतो. प्रत्येकाला हेडफोन हवाच. एका खोलीत सगळी यंत्रं एकदम बोलायला लागली तर कुणालाच काही ऐकू येत नाही.

आता यातली खरी गोष्ट. लिबरऑफिस कॅल्क हा एक्सेलसारखा तक्त्यांचा प्रोग्राम. त्याच्या मालिकेत शिकवण्यासाठी घेतलेलं उदाहरण घरखर्चाच्या हिशेबाचं आहे: घरभाडं, वीजबिल, प्रवास, किती खर्च झाला, किती उरलं. सुरुवातीला ते उत्तमच, कारण कुणालाही समजतं. पण मूल तिथेच थांबलं तर त्याला ‘कॅल्क येतं’ एवढंच होतं. त्याच्या विषयात कॅल्कचं काय काम, हे त्याला कळत नाही. म्हणून व्हिडिओ संपला की मी त्याच तासाला २०११ च्या जनगणनेचा महाराष्ट्राचा जिल्हावार तक्ता उघडायला लावते. बेरीज, क्रम लावणं, गाळणं, आलेख, सगळं घरखर्चावर शिकायचं आणि लगेच जनगणनेवर करायचं.

पहिला प्रश्न नेहमी सारखाच असतो: राज्याचं स्त्री-पुरुष प्रमाण काढा. तक्त्यात जिल्ह्यांची प्रमाणं दिलेली असतात. मुलं सरासरीचं सूत्र लिहितात आणि ९४८ च्या आसपास उत्तर येतं. सूत्र बिनचूक असतं, संगणक कुठेही लाल खूण दाखवत नाही. मग मी त्यांना जनगणनेतला राज्याचा आकडा दाखवते: हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया. वर्ग गप्प होतो. मग कुणीतरी म्हणतं, जनगणनेचंच चुकलं असेल. तिथून पुढचा अर्धा तास मला सगळ्या सत्रात सर्वात मोलाचा वाटतो. ठाण्याची लोकसंख्या एक कोटी दहा लाखांच्या वर, सिंधुदुर्गाची साडेआठ लाख, आणि आपल्या सूत्राने दोघांना एकाच मापाने मोजलं, हे मुलांना स्वतःचं स्वतः सापडतं. मग ती सगळ्या जिल्ह्यांतल्या स्त्रियांची बेरीज करतात, पुरुषांची करतात, भागतात, आणि ९२९ येतं. भारित सरासरी हा धडा मी फळ्यावर कित्येकदा शिकवला आहे. तो असा अंगात मुरताना मात्र या तासांनाच पाहिला.

त्यानंतर क्रम लावायचा. वर रत्नागिरी येते, ११२२. खाली मुंबई शहर, ८३२. दरवर्षी एखादी मुलगी उत्साहाने लिहिते की रत्नागिरीत मुलींना जास्त मान आहे. मी विचारते, तिथले पुरुष कुठे गेले? कोकणातल्या चाकरमान्यांबद्दल सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण तक्त्याचं वरचं आणि खालचं टोक एकाच गोष्टीने बांधलेलं आहे हे त्या क्षणी उमगतं. मुलींच्या बाबतीत काय चाललंय हे बघायचं तर शून्य ते सहा वयोगटाचा रकाना वेगळा काढावा लागतो, आणि तिथे बीडचं ८०७ समोर आलं की वर्गातला आवाज पुन्हा खाली जातो. क्रम लावायला व्हिडिओने शिकवलं. कोणत्या रकान्याचा लावायचा आणि आलेल्या यादीवर किती विश्वास ठेवायचा, हे भूगोलाने.

नकाशाच्या वेळी तर आणखी गंमत येते. क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये जिल्ह्यांच्या नकाशाला तोच तक्ता जोडायचा असतो. जोडला की काही जिल्हे पांढरे राहतात. आमच्या दहिवडीकडचा एक मुलगा पहिल्यांदा ओरडला होता, “मॅडम, पालघर मोकळंच राहिलं की ओ!” राहणारच. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. २०११ च्या तक्त्यात ३५ जिल्हे आहेत, आजच्या नकाशात ३६. मग त्या रिकाम्या जागेचं करायचं काय? ठाण्याचाच आकडा तिथे भरायचा, की तालुकावार आकडे घेऊन दोन्ही जिल्हे नव्याने उभे करायचे, की २०११ च्याच हद्दींचा नकाशा शोधायचा? तिन्ही वाटांचे गुणदोष मुलांना मांडावे लागतात. पांढरं राहिलेलं बीडही असतं, कारण जनगणनेत त्याचं रोमन स्पेलिंग तीन अक्षरी आहे आणि नकाशाच्या फाइलीत चार अक्षरी. औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर ही तक्त्यातली नावं नव्या नकाशात छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर झालेली असतात. नावावर जोडणी करू नये, जनगणनेच्या संकेतांकावर करावी, हे मग सांगावंच लागत नाही. त्या तक्त्यात महाराष्ट्राच्या जिल्ह्यांचे संकेतांक ४९७ नंदुरबारपासून ५३१ सांगलीपर्यंत सलग आहेत. साताऱ्याचा ५२७, हे आता आमच्या मुलांना पाठच आहे.

हे सगळं मी एवढ्या विस्ताराने का लिहिते आहे? कारण स्पोकन ट्युटोरियल यातलं काहीही शिकवत नाही, आणि त्याच्याशिवाय यातलं काहीही झालं नसतं. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या एका समितीने माहिती तंत्रज्ञान अंगवळणी पडण्याचे तीन भाग सांगितले होते: आजची साधनं हाताळण्याचं कौशल्य, त्यामागच्या मूळ संकल्पना, आणि अडचण ओळखून तिचा विचार करण्याची बौद्धिक क्षमता. साधनं दर काही वर्षांनी बदलतात, म्हणून उरलेले दोन भाग तितकेच महत्त्वाचे. स्पोकन ट्युटोरियल पहिला भाग उत्तम सांभाळतं, दुसऱ्याला थोडा हात लावतं. तिसरा विषयशिक्षकाने करायचा आहे. तो संगणकाच्या शिक्षकावर ढकलून चालणार नाही, कारण ठाणे आणि सिंधुदुर्ग एका मापाने मोजायचे नसतात हे त्यांनी का म्हणून सांगावं?

आमच्याकडे अर्थशास्त्राच्या सरांनी बाजार समितीच्या कांद्याच्या दरांवर असंच काम घेतलं. आलेखाची उभी रेषा शून्याऐवजी मधूनच सुरू केली, की किरकोळ चढउतारसुद्धा डोंगरासारखा दिसतो, हे मुलांनी स्वतः करून पाहिलं. मराठी विभागात झालेला बदल मला त्याहून मोठा वाटतो. तिथे एमएच्या मुलांचे प्रबंध वर्षानुवर्षं जुन्या फाँटमध्ये टंकलेखनवाल्याकडून करून यायचे. दुसऱ्या यंत्रावर उघडले की नुसती गिचमिड दिसायची, आणि त्यात एखादा शब्द शोधणं तर अशक्यच. लिबरऑफिस रायटरच्या मालिकेत भारतीय भाषांमधून टाइप करण्यावरही एक भाग आहे. तिथून सुरुवात करून मुलांनी कोणत्याही यंत्रावर नीट दिसणाऱ्या युनिकोडमध्ये स्वतः टाइप करायला घेतलं. विभागातले सर त्यांच्याकडून माणदेशी बोलीतले शब्द गोळा करून घेतात: शब्द, अर्थ, गाव, सांगणाऱ्याचं वय. पूर्वी हे वहीत राहायचं. आता कॅल्कच्या तक्त्यात आहे, त्यामुळे कोणता शब्द फक्त साठीच्या पुढच्यांकडे उरला आहे हे गाळणी लावून बघता येतं. ज्या मुली ‘आम्ही आर्टसच्या, आम्हाला कॉम्प्युटर कशाला’ म्हणायच्या, त्याच आता लॅब बंद करायच्या वेळी उठत नाहीत.

आता उणिवा. सर्वात मोठी म्हणजे आवृत्त्यांची. लिबरऑफिसच्या जुन्या मालिका ३.३ आवृत्तीवर केलेल्या आहेत, नंतरच्या ६.३ वर. सॉफ्टवेअर त्यानंतर बरंच पुढे गेलं. आज आवृत्तीचे क्रमांक वर्षावरून असतात, आणि २४.८ पासून तर तक्त्यातून हवी ती नोंद शोधून देणाऱ्या एक्सलूकअपसारखी नवी सूत्रंही आली. मूळ कामं तीच राहिली, तरी मेनूतली जागा किंवा चिन्ह बदललं की नवखं मूल बिचकतं. त्यावर उपाय सोपा आहे: तासाआधी शिक्षकाने तो व्हिडिओ आपल्या यंत्रावर एकदा करून बघायचा आणि जिथे फरक आहे तिथली पायरी फळ्यावर लिहून ठेवायची. ही तयारी टाळून चालत नाही. दुसरं, मराठी कधीकधी फार छापील वाटते. संहिता इंग्रजीवरून आलेली असल्याने वाक्यं बोलण्याच्या वळणाची राहत नाहीत. तरी उच्चार स्पष्ट आहेत आणि मुलांना त्याची लवकर सवय होते. तिसरं, सगळ्या मालिका मराठीत नाहीत. लिबरऑफिस, लिनक्ससारख्या पायाभूत विषयांना मराठी आवाज आहे. पुढच्या विषयांकडे जाताना, मालिका निवडण्याआधी भाषांची यादी बघून घ्या. मराठी नसेल तर हिंदी चालते, पण नव्या विषयाचं ओझं आणि परक्या भाषेचं ओझं एकदम टाकणं मला पटत नाही. अशा वेळी इंग्रजी व्हिडिओ आवाज बंद करून लावते आणि मी स्वतः बोलते.

शंकांसाठी त्यांचा प्रश्नोत्तरांचा विभाग आहे आणि त्याची मांडणी नेमकी आहे: कोणत्या व्हिडिओच्या कोणत्या मिनिटाला आणि कितव्या सेकंदाला अडलात ते निवडून प्रश्न विचारायचा. मुलांना प्रश्न नेमका विचारायची सवय लागते, हा त्याचा मोठा फायदा. ‘मॅडम, होत नाही’ यावरून ‘मॅडम, इथपर्यंत झालं, यानंतर हे दिसतंय’ इथपर्यंत मूल आलं, की त्याचं अर्धं काम झालेलं असतं.

कुणी म्हणेल, आता एआयला विचारलं की सूत्र तयार मिळतं, मग हे व्हिडिओ कशाला. आमची मुलंही विचारतात, मी अडवत नाही. पण ‘जिल्ह्यांच्या आकड्यांवरून राज्याचं प्रमाण काढून दे’ असं विचारून आलेलं सूत्र बरोबर आहे की सरासरीच्याच खड्ड्यात पाडणारं आहे, हे ज्याने एकदा हाताने बेरीज करून पाहिली त्यालाच ओळखता येतं. ज्याने रकाना आणि ओळ यांच्यावर हात फिरवलेला नाही, त्याला काय विचारायचं हेच सुचत नाही.

बऱ्याच मुलांनी एमएस-सीआयटी आधीच केलेलं असतं. त्याचा उपयोग होतो, माऊस धरण्यापासून सुरुवात करावी लागत नाही. अशा मुलांना पहिले दोन-तीन भाग गाळून थेट सूत्रं आणि आलेखांवर आणा. ज्यांनी काहीच केलेलं नाही त्यांच्या शेजारी त्यांना बसवा, म्हणजे शिक्षकाला दर मिनिटाला धावावं लागत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आता पदवीच्या आराखड्यात कौशल्याचे वेगळे पेपर आले आहेत आणि कॉलेजं त्यात ‘संगणक’ घालून मोकळी होण्याचा धोका मला दिसतो. श्रेयांकांचा हिशेब तिथे बसवा, पण सराव मुख्य विषयाच्या सामग्रीवरच घ्या. अभ्यास मंडळावर असलेल्यांना माझी कळकळीची विनंती आहे की प्रात्यक्षिकाच्या नोंदवहीत जनगणना, पर्जन्यमान, बाजारभाव, बोलीचे शब्द असं त्या त्या विषयाचं खरं साहित्य लिहून द्या. ते लिहिलेलं नसेल तर घरखर्चाच्या तक्त्यावरच सगळ्यांचं सत्र संपतं.

प्रमाणपत्र हवं असेल तर त्यांची ऑनलाइन परीक्षा आहे, त्यासाठी कॉलेजमध्ये एक समन्वयक आणि एक पर्यवेक्षक नेमावा लागतो. मुलांना प्रमाणपत्राचं आकर्षण असतं आणि ते स्वाभाविक आहे. आमच्याकडे मात्र परीक्षेला बसण्याआधी प्रत्येकाने आपल्या विषयातला एक तक्ता, एक आलेख आणि त्याखाली ‘यावरून काय म्हणता येतं आणि काय म्हणता येत नाही’ असं अर्धं पान मराठीत लिहून द्यायचं असतं. ते अर्धं पान मी स्वतः वाचते.

सुरुवात करणाऱ्यांनी सुट्टीतच कॅल्क आणि रायटरच्या मराठी मालिका उतरवून घ्याव्यात, लॅबमधल्या सगळ्या यंत्रांवर लिबरऑफिसची एकच आवृत्ती टाकावी आणि आपल्या विषयातली एक खरी फाइल तयार ठेवावी. ती फार साफसूफ करू नका. एखादं वेगळं स्पेलिंग, एखादा रिकामा रकाना, अंकांत मिसळलेला एखादा शब्द तसाच राहू द्या.